बत्तीस हजार ओळींचा निरोप

फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नल विकासक मॅथ्यू विलकॉक्स यांना लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे त्याच्या गाभ्यातून, एक फ्लॅग काढून टाकायचा होता. फाइलमध्ये काही लिहायची वेळ आली, की कर्नल आधी संबंधित फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या भागाला, कळवतं: अमुक फाइलमध्ये, अमुक जागी, इतके बाइट लिहायचे आहेत, तयारी कर. हे काम करणाऱ्या फंक्शनचं नाव राइट-बिगिन. त्याला बाकीच्या तपशिलांबरोबर एक जादा आकडा दिला जायचा आणि त्या आकड्यातला एकेक बिट म्हणजे एकेक फ्लॅग, एकेक खास सूचना. एका सूचनेसाठी वेगळी सोय होऊन गेली होती. उरली होती ती फाइलची लांबी वाढवतानाची सूचना, आणि ती वापरणारी फाइल सिस्टिम सगळ्या कर्नलमध्ये एकच होती: रायझरएफएस. तेवढी एक आडवी नसती, तर तो आकडा झाडून सगळ्या फाइल सिस्टिममधून काढता आला असता. विलकॉक्स यांनी सहकाऱ्यांपुढे प्रश्न टाकला: रायझरएफएस काढून टाकायची वेळ आली आहे का?

जवळपास तीन वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, लिनक्स ६.१३ बाहेर पडलं तेव्हा रायझरएफएसच्या बत्तीस हजारांवर ओळी त्यात नव्हत्या. गंमत म्हणजे तो मूळ फ्लॅग २०२२ मध्येच गेला होता. यान कारा यांनी रायझरएफएसचं त्याच्यावाचून भागेल असा बदल करून दिला आणि अडचण मिटली. पण प्रश्न एकदा विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर फ्लॅगवर अवलंबून राहिलं नव्हतं.

एवढ्याशा फ्लॅगपायी एवढं मोठं प्रकरण का व्हावं, हे कळायला कर्नलमधली मांडणी पाहावी लागते. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं तेव्हा त्यात एकच फाइल सिस्टिम होती, मिनिक्स या प्रणालीकडून घेतलेली. डिस्क ६४ मेगाबाइटपेक्षा मोठी चालायची नाही आणि फाइलचं नाव चौदा अक्षरांत बसवावं लागायचं. १९९२ मध्ये रेमी कार यांनी ‘एक्स्ट’ नावाची नवी फाइल सिस्टिम आणली. आता एकाच कर्नलमध्ये दोन निरनिराळ्या पद्धती नांदवायच्या, म्हणून त्यांच्यावर एक सामाईक थर आला. त्याला व्हर्च्युअल फाइल सिस्टिम किंवा नुसतं व्हीएफएस म्हणतात. तुमचा प्रोग्राम फाइल उघडतो, वाचतो, लिहितो, तेव्हा तो व्हीएफएसशी बोलतो. व्हीएफएस मग खालच्या फाइल सिस्टिमच्या तक्त्यात बघून तिचं योग्य फंक्शन बोलावतं. डिस्कवर एक्स्ट-४ आहे, एक्सएफएस आहे की पेन ड्राइव्हवरची फॅट आहे, याची प्रोग्रामला दादही नसते. आज या थराखाली पन्नासहून जास्त फाइल सिस्टिम आहेत.

या थराच्या दोन बाजूंना दोन वेगळे कायदे चालतात. वरच्या बाजूचा कायदा कडक आहे: चालू असलेला प्रोग्राम कर्नल बदलल्यामुळे बंद पडता कामा नये. टोरवाल्ड्स या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाहीत. खालच्या बाजूचा कायदा नेमका उलटा. कर्नलच्या आतली फंक्शनं, त्यांचे तपशील, त्यांचे नियम उद्या बदलले तर तक्रार करायची नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेल्या कर्नलच्या एका दस्तऐवजात, आतली रचना कायम ठेवा ही मागणी शुद्ध वेडगळपणाची आहे, असं शीर्षकातच सांगून टाकलेलं आहे. एक अट मात्र आहे. आतलं फंक्शन जो बदलेल, त्यानेच ते वापरणारा सगळा कोड दुरुस्त करून द्यायचा. म्हणजे राइट-बिगिनमधून एक आकडा काढायचा तर डझनावारी फाइल सिस्टिममध्ये हात घालायचा, आणि त्यातली एखादी अशी असते की ती लिहिणारे कधीच निघून गेलेले असतात. न वापरला जाणारा कोड फुकट पडून राहतो असं बाहेरून वाटतं. त्याचं भाडं दुसरेच कुणीतरी भरत असतात.

रायझरएफएस काही टाकाऊ नव्हती, हेही सांगायला हवं. जानेवारी २००१ मध्ये लिनक्स २.४.१ मध्ये आलेली ती मुख्य कर्नलमधली पहिली जर्नल ठेवणारी फाइल सिस्टिम. जर्नल म्हणजे बदल करण्याआधी त्याची नोंद एका ठरावीक जागी करून ठेवणं. मधेच वीज गेली तर यंत्र चालू झाल्यावर ती नोंद वाचून अर्धवट काम निस्तरता येतं, अख्खी डिस्क तपासत बसावी लागत नाही. दुसरं तिचं वैशिष्ट्य छोट्या फाइलींचं. डिस्कवरची जागा साधारण ४०९६ बाइटांच्या ठोकळ्यांत वाटली जाते, त्यामुळे शंभर बाइटांची फाइलसुद्धा अख्खा ठोकळा अडवते. रायझरएफएस अशा फाइलींची उरलीसुरली टोकं एकाच ठोकळ्यात रचून ठेवायची. हजारो छोट्या पत्रांचा साठा सांभाळणाऱ्या मेल सर्व्हरवर तिचं नाव झालं ते यामुळे. सूझे या लिनक्स वितरणाने तर तिला आपली मुख्य फाइल सिस्टिम केलं होतं.

तिच्यात काही विचित्र खोडीही होत्या. आपली माहिती ती झाडासारख्या रचनेत ठेवायची. डिस्क फारच बिघडली, तर दुरुस्तीचा प्रोग्राम सगळी डिस्क चाळून, झाडाच्या फांद्यांसारखे दिसतील ते सगळे तुकडे गोळा करून नवं झाड बांधायचा. त्या डिस्कवर दुसऱ्या एखाद्या रायझरएफएस डिस्कची प्रत साधी फाइल म्हणून ठेवलेली असली, तर त्या प्रतीतले तुकडेही आपलेच समजून तो त्यांना नव्या झाडात गुंफून टाकायचा. बॅकअप ठेवणाऱ्या शहाण्या माणसालाच याचा फटका बसायचा.

या फाइल सिस्टिमचा विषय निघाला की बोलणं तिचे जनक हान्स रायझर यांच्यावर जातं. त्यांनी २००६ मध्ये पत्नीची हत्या केली आणि २००८ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. म्हणून रायझरएफएस बुडाली, असं सर्रास सांगितलं जातं. ते सोपं आहे आणि बरंचसं चुकीचं. सूझेमध्ये एक्स्ट-३ कडे वळण्याचा प्रस्ताव त्यांच्या अटकेच्या आधीच मांडला गेला होता आणि त्यातली कारणं तांत्रिक होती. स्वतः रायझर यांचं लक्ष तेव्हा पुढच्या रायझर-४ कडे लागलेलं होतं. माणूस तुरुंगात गेल्यावरही कोड कर्नलमध्ये सोळा-सतरा वर्षं राहिला. तो जाण्यामागचं कारण त्याच्या आत शोधायला हवं, आणि ते शोधताना एका कुलपाची गोष्ट सांगावी लागते.

१९९६ मध्ये लिनक्स २.० आलं आणि कर्नल एकापेक्षा जास्त प्रोसेसरवर चालू लागलं. दोन प्रोसेसर एकाच वेळी कर्नलच्या कोडमध्ये शिरले, एकच यादी दोघांनी बदलली, तर गोंधळ ठरलेला. त्यावर घाईचा पण समजण्यासारखा उपाय केला गेला: सगळ्या कर्नलला मिळून एकच लॉक. त्याला बिग कर्नल लॉक म्हणायचे. चाळीतल्या सामाईक नळासारखा हा प्रकार होता. ज्याची बादली नळाखाली तो भरणार, बाकीचे रांगेत. पण या लॉकला आणखी दोन सवयी होत्या. ज्याने ते धरलं आहे त्याने पुन्हा मागितलं तरी चालायचं. आणि धरणारा डिस्ककडून माहिती येण्याची वाट बघत झोपला, तर कर्नल त्याच्या हातून लॉक गुपचूप सोडवून दुसऱ्याला द्यायचं आणि तो जागा झाल्यावर परत मिळवून द्यायचं.

या दुसऱ्या सवयीने पुढे फार छळलं. लॉक कुठे सुटतं हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसायचं. एखादं फंक्शन आतून दुसरं बोलावतं, ते तिसरं, तिसरं डिस्कसाठी थांबतं, आणि तिथे लॉक निसटतं. रायझरएफएस या वर्तनावर पुरती विसंबून होती. झाडात बदल करताना मधे झोप लागली तर जाग आल्यावर झाड बदललेलं असू शकतं, हे ती जाणून होती आणि त्यासाठी पुन्हा तपासणीही करायची. म्हणजे कोड बरोबरच होता, पण ज्या नियमांवर तो बरोबर होता ते नियम लॉकच्या पोटात दडलेले होते.

२००९ मध्ये फ्रेडरिक वाइसबेकर यांनी रायझरएफएसमधून हे लॉक काढायला घेतलं. नुसतं नाव बदलून साधं लॉक लावावं, तर ते झोपेत सुटणार नाही; एकजण ते धरून झोपेल, दुसरा त्याची वाट बघेल, आणि पहिला ज्याची वाट बघतो आहे ते दुसऱ्याच्या हातात असेल. सगळं ठप्प. म्हणून त्यांनी प्रत्येक जोडलेल्या डिस्कला स्वतंत्र लॉक दिलं, ते एकाच धाग्याला, म्हणजे थ्रेडला, पुन्हा घेता येईल अशी सोय ठेवली, आणि कोड जिथे जिथे झोपू शकतो ती ठिकाणं हुडकून तिथे लॉक सोडण्याची आणि परत घेण्याची सूचना उघडपणे लिहिली. लिनक्स २.६.३३ मध्ये हा बदल आला. हे काम बघताना मला नेहमी वाटतं, की साफसफाई म्हणून ज्याचा गौरव व्हावा ते हेच. यातून एकही नवी सोय मिळाली नाही, कोड छोटाही झाला नाही. आधी जे फक्त अनुभवी माणसाच्या डोक्यात होतं ते कागदावर आलं, इतकंच. बाकीचे कोपरे झाडून आर्न्ट बर्गमन यांनी मे २०११ च्या २.६.३९ मध्ये ते मोठं लॉक कायमचं काढलं. पंधरा वर्षं लागली.

हेच काम घाईत केलं तर काय होतं, त्याचा नमुनाही कर्नलमध्ये होता. सिस्टिम फाइव्ह ही एटी अँड टीच्या जुन्या यूनिक्सची फाइल सिस्टिम. तिच्या डिस्क लिनक्समध्ये वाचता याव्यात म्हणून एक ड्रायव्हर होता. २००२ मध्ये त्यातलं मोठं लॉक काढून तिथे एक छोटं खासगी लॉक बसवण्यात आलं. दिसायला नेटका बदल. पण नवं लॉक अशा जातीचं होतं की ते हातात असताना झोपायला सक्त मनाई, आणि ज्या फंक्शनमध्ये ते लावलं ते फाइलचा ठोकळा डिस्कवर नेमका कुठे आहे हे शोधणारं. तिथे डिस्कची वाट बघावीच लागते. म्हणजे वाचणं असो की लिहिणं, प्रत्येक वेळी नियमभंग.

हा दोष सापडला २०२३ मध्ये. तोही माणसाला नाही, सिझबॉटला. कर्नलला रात्रंदिवस उलटेसुलटे आदेश देऊन ते कुठे कोसळतं हे बघणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेला. एकवीस वर्षं कुणाची तक्रार आली नव्हती. यान कारा यांनी त्याचा अर्थ लावला तो मला फार आवडतो: इतका ढळढळीत दोष इतकी वर्षं कुणाला जाणवला नाही, तर ही फाइल सिस्टिम कुणी वापरतच नाही. दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी ती काढूनच टाकली. २०२५ च्या ६.१५ पासून ती नाही.

कर्नलमधल्या सफाईतला सगळ्यात अवघड मुद्दा इथे हाती लागतो. कोड वाईट आहे हे दाखवणं सोपं. तो कुणाला लागत नाही हे कसं दाखवायचं? लिनक्स कुणी कुठे बसवलं याची नोंद कुठल्याही कार्यालयात नसते. फाइल सिस्टिमच्या बाबतीत तर आणखी पंचाईत, कारण वापरणारा जिवंत प्रोग्राम नसतो, कपाटात ठेवलेली डिस्क असते. दहा वर्षं ती काहीच मागत नाही आणि अकराव्या वर्षी कुणाला तरी आजोबांच्या फाइली हव्या असतात. कर्नलमध्ये फ्रीव्हीएक्सएफएस नावाचा एक ड्रायव्हर आहे. व्हेरिटास कंपनीच्या फाइल सिस्टिमच्या डिस्क तो फक्त वाचतो, लिहीत नाही. व्हेरिटासचं नाव पुण्यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरी ओळखीचं आहे, कंपनीचं मोठं केंद्रच तिथे होतं. या ड्रायव्हरने आज किती डिस्क वाचल्या जातात? विचारायचं कुणाला?

म्हणून रायझरएफएसच्या वेळी दवंडी पिटण्याचा मार्ग पत्करला गेला. २०२२ च्या ५.१८ पासून अशी डिस्क जोडली, की कर्नल बजावायचं: ही फाइल सिस्टिम २०२५ मध्ये काढली जाणार आहे. वितरणांना, कंपन्यांना, घरी जुनी यंत्रं जपणाऱ्यांना तीन वर्षांची मुदत मिळाली. ज्याला गरज असेल त्याने पुढे येऊन सांगावं. कुणी जबाबदारी घ्यायला आलं नाही.

एक्स्ट-३ चं प्रकरण त्यामानाने सुखाचं. २०१५ च्या ४.३ मध्ये तिचा ड्रायव्हर, सुमारे अठ्ठावीस हजार ओळी, निघून गेला आणि तिच्या एकाही डिस्कला धक्का लागला नाही. एक्स्ट-४ चा ड्रायव्हर एक्स्ट-३ च्या डिस्क आधीपासूनच चालवत होता. कोड गेला, डिस्कवरची मांडणी राहिली. असं भाग्य थोड्यांच्या वाट्याला येतं.

आता ही आवराआवर इतक्या जोरात का सुरू झाली, तर तिला ढकलणारा मोठा बदल वेगळाच आहे. कर्नल मेमरीचा हिशोब ४०९६ बाइटांच्या पानांत ठेवतं. एक टेराबाइट मेमरीचा सर्व्हर घेतला तर २६ कोटी ८४ लाख पानं झाली आणि त्या प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाची रांग. विलकॉक्स यांनी पानांचे गठ्ठे करून एकत्र हाताळणारी ‘फोलिओ’ ही रचना आणली. २०२२ च्या जानेवारीत, ५.१६ मध्ये, तिचा पाया पडला. दुसरीकडे, कर्नलच्या अगदी सुरुवातीपासून असलेली बफर-हेड नावाची रचना डिस्कच्या एकेका ठोकळ्याचा वेगळा हिशोब ठेवते. तिची जागा घ्यायला एक्सएफएसच्या कोडमधून घडवलेली आयओमॅप ही नवी यंत्रणा आहे. क्रिस्टोफ हेलविग यांनी २०२३ मध्ये बफर-हेड पूर्ण वगळूनही कर्नल बांधता येईल इथवर काम आणलं. अर्थात मग बफर-हेडवर चालणाऱ्या फाइल सिस्टिम त्या कर्नलमध्ये नसतात. यातला प्रत्येक बदल पन्नास ठिकाणी करायचा. फंक्शनचं नाव किंवा तपशील बदलणं असं एकसुरी काम असेल तर ज्युलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेलं कॉक्सिनेल हे साधन मदतीला येतं. बदलाचा नमुना एकदा लिहून दिला की ते सगळ्या कर्नलमध्ये शोधून तो लागू करतं. जिथे विचार करावा लागतो तिथे मात्र माणूसच बसतो.

कर्नलच्या कामात नव्याने आलेल्यांना वाटतं, सफाई म्हणजे मोकळ्या जागा नीट करणं, ओळी लांब झाल्या असतील तर तोडणं, नावांतले दोष काढणं. अशा बदलांचा फाइल सिस्टिम सांभाळणाऱ्यांना वैतागच येतो, आणि तो मला रास्त वाटतो. कोडची एखादी ओळ कधी, कुणी, कशासाठी बदलली हे इतिहासात मागे जाऊन बघावं लागतं. मधे नुसत्या रंगरंगोटीचे बदल असले की तो माग हरवतो. शिवाय नव्या कर्नलमधली दुरुस्ती जुन्या दीर्घकालीन आवृत्त्यांमध्ये नेताना आजूबाजूच्या ओळी जुळाव्या लागतात.

ओळी जुळल्या तरी घात होऊ शकतो, हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसलं. एक्स्ट-४ मधली एक साधी दुरुस्ती ६.१ या दीर्घकालीन आवृत्तीत नेण्यात आली. ती बिनबोभाट बसली. पण ती लिहिली गेली होती त्या कर्नलमध्ये, जिथे आयओमॅपच्या आवराआवरीत हेलविग यांनी एक ओळ थोडी हलवली होती: लिखाण झाल्यावर फाइलमधली जागा पुढे नेणारी ओळ. ६.१ मध्ये ती जुन्याच जागी, एका अटीच्या आत होती. एक्स्ट-४ च्या दुरुस्तीमुळे ती अट पूर्ण होईनाशी झाली, काही विशिष्ट प्रकारच्या लिखाणानंतर जागा पुढे सरकेना, आणि पुढचं लिखाण आधीच्यावरच होऊ लागलं. डेबियन या वितरणाची १२.३ ही आवृत्ती त्याच शनिवारी बाहेर पडायची होती. ती थांबवावी लागली आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नलसह १२.४ आली. हलवलेली ती ओळ मुळात कुणाला दोष म्हणून नव्हे, नीटनेटकेपणासाठी हलवावीशी वाटली होती. तिच्यावर कुणीतरी विसंबेल हे तिच्यावर लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या तारखाही लागलेल्या आहेत. एक्स्ट-२ चा स्वतंत्र ड्रायव्हर २०२४ च्या ६.९ मध्ये कालबाह्य ठरवला गेला, कारण तो वेळ ३२ बिटांत लिहितो आणि १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद होतील तेव्हा, त्याचे आकडे संपतील. एक्स्ट-२ च्या डिस्क त्यानंतरही एक्स्ट-४ चा ड्रायव्हर जोडून देईल. एक्सएफएसच्या जुन्या, चौथ्या मांडणीलाही हीच अडचण आहे. तिची मुदत सप्टेंबर २०३० पर्यंत. ती वापरणाऱ्यांना सगळी माहिती दुसरीकडे काढून डिस्क नव्याने बांधावी लागेल, जागच्या जागी रूपांतर होत नाही.

कुणाकडे रायझरएफएसची जुनी डिस्क पडून असेलच, तर ६.१२ हे ती ओळखणारं शेवटचं कर्नल, आणि ते दीर्घकालीन आवृत्त्यांपैकी आहे. आभासी यंत्रात ते चालवावं, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडावी आणि फाइली एक्स्ट-४ वर उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीचा तो झाड बांधणारा प्रोग्राम मूळ डिस्कवर चालवू नये. आधी तिची बिटागणिक प्रत काढावी आणि काय करायचं ते प्रतीवर करावं. ती प्रत मात्र दुसऱ्या रायझरएफएस डिस्कवर ठेवू नये.